सोसायटीचें संगणक-दप्तर हलवितांना पडणारें कुलूप

गांवोगांवच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचें दप्तर पूर्वीं फडक्यांत बांधून कपाटांत ठेवलें जाई. आतां तें संगणकांत गेलें आहे, किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिचा अंदाजी खर्च २,५१६ कोटि रुपये धरण्यांत आला होता. सर्व सोसायट्यांचे हिशेब एका नमुन्याच्या प्रणालींत आणावयाचे, हा तिचा हेतु होय. ज्या सोसायट्यांनीं त्यापूर्वींच आपल्या सोयीनें एखादी हिशेबाची प्रणाली घेतली होती त्यांस अशा वेळीं जुनें दप्तर नव्यांत न्यावें लागतें. याशिवाय जुना संगणक मोडकळीस येतो, कार्यालय बदलतें, किंवा वर्षअखेर झाल्यावर सरत्या वर्षाचें दप्तर वेगळ्या नांवानें ठेवावयाचें असतें. या ना त्या कारणानें दप्तर हलविण्याचा अथवा त्याचें नांव बदलण्याचा प्रसंग प्रत्येक सोसायटीवर केव्हां ना केव्हां येतोच.

अशा वेळीं संगणक पुष्कळदां अडून बसतो. ही फाइल वापरांत असल्यामुळें हलवितां येत नाहीं, असें तो पडद्यावर सांगतो. सचिव त्रासून जातो, बाहेरून आलेला तंत्रज्ञ परतीच्या घाईंत असतो, आणि मग जो झटपट उपाय केला जातो त्यानें कधीं कधीं दप्तराची कायमची हानि होते. हें कुलूप कां पडतें, तें कोणाच्या हातीं असतें, आणि तें न मोडतां दप्तर सुखरूप कसें हलवावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, ही सचिवाची बाब आहे. शेतकऱ्यास तिच्याशीं काय कर्तव्य? परंतु सोसायटीच्या दप्तरांतील एका तारखेची किंमत शेतकऱ्यासच मोजावी लागते. पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं व्याजांत सूट मिळते. मुदत टळली कीं ती सूट गेली. समजा, एका सभासदानें ३१ मार्चच्या सायंकाळीं कर्ज भरलें, पावती घेतली, आणि दोन दिवसांनीं दप्तर नव्या संगणकावर नेतांना त्या सायंकाळच्या नोंदी मागें राहिल्या. दप्तराच्या दृष्टीनें तो सभासद थकबाकीदार ठरला. पुढील हंगामांत त्याच्या कर्जाचा अर्ज अडेल, आणि आपली बाजू सिद्ध करण्याचें ओझें त्याच्याच माथीं येईल. २०१९ सालच्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळांतील अल्पमुदत पीककर्जांची, ३० सप्टेंबर २०१९ रोजीं थकलेली, दोन लाख रुपयांपर्यंतची बाकी विचारांत घेतली गेली. कोणाची बाकी किती व कोणत्या तारखेची, हें बँकांच्या व सोसायट्यांच्या दप्तरांवरूनच ठरलें. तेव्हां दप्तर कसें हलवितात याची मोघम तरी माहिती प्रत्येक सभासदास, आणि पुरती माहिती प्रत्येक संचालकास असणें अवश्य आहे.

कीर्द आणि खतावणी

ज्यानें दुकानाचा अथवा सोसायटीचा जमाखर्च पाहिला आहे त्यास कीर्द व खतावणी हीं नांवें नवीं नाहींत. दिवसाचे व्यवहार ज्या क्रमानें घडतील त्या क्रमानें प्रथम कीर्दींत लिहावयाचे, व मागाहून ते ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढवावयाचे, ही जुनी रीत आहे. दिवसाच्या मध्येंच खतावणी उघडून पाहिली तर तींत सकाळचे व्यवहार असतील, दुपारचे नसतील. पूर्ण हिशेब पाहावयाचा तर कीर्द जवळ पाहिजे.

संगणकांतील दप्तर, ज्यास डेटाबेस म्हणतात, तेंही बहुधा याच रीतीनें चालतें. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एस्‌क्यूएल सर्व्हर या प्रणालींत प्रत्येक दप्तराच्या निदान दोन फायली असतात. एक एम्‌डीएफ् नांवाची, ती खतावणी समजावी. दुसरी एल्‌डीएफ् नांवाची, ती कीर्द. सचिवानें पावती नोंदविली कीं ती नोंद आधीं कीर्दींत पक्की होते, व खतावणींत ती थोड्या अवकाशानें उतरते. म्हणून दप्तर चालू असतांना नुसती खतावणी उचलून नेली तर ती अपुरी असण्याचा संभव असतो. आणि ती अपुरी आहे हें वरून पाहून कळत नाहीं.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. सातबाराच्या फेरफाराची पद्धति वाचकांस ठाऊक आहे. तलाठी नोंद घेतो, संबंधितांस नोटीस देतो, हरकतीसाठीं पंधरा दिवस जाऊं देतो, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. अर्धी मंजूर व अर्धी नामंजूर अशी नोंद नसते. संगणकाच्या दप्तरांतही तसेंच आहे. सभासदाच्या कर्जखात्यांतून रक्कम वजा होणें आणि सोसायटीच्या रोख शिलकेंत ती जमा होणें, हीं दोन कामें मिळून एक व्यवहार होतो. तो एकतर सबंध पुरा होतो, किंवा सबंध रद्द होतो. व्यवहार अर्ध्यावर असतांना वीज गेली, तर पुन्हां सुरू होतांच प्रणाली कीर्द वाचते, पुरे झालेले व्यवहार खतावणींत चढविते, व अपुरे पुसून टाकते. ही शक्ति सर्वस्वीं कीर्दींत आहे. कीर्द गेली कीं ही दुरुस्ती करण्याचें साधनच गेलें.

कुलूप कां पडतें

एकच वही दोघांनीं दोन बाजूंनीं ओढून लिहूं म्हटलें तर तिचें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून जो लिहीत आहे त्याच्या हातांतून वही कोणीं काढून घेऊं नये, असा नियम संगणकानें घातलेला आहे. विंडोज प्रणालींत एखादी फाइल एका कार्यक्रमानें उघडून धरली असली म्हणजे, त्या कार्यक्रमानें तशी मुभा दिल्याशिवाय, ती दुसऱ्यास हलवितां येत नाहीं, पुसतां येत नाहीं, अथवा तिचें नांव बदलतां येत नाहीं. यालाच व्यवहारांत फाइल लॉक झाली असें म्हणतात. हें कुलूप म्हणजे बिघाड नव्हे. आंत कोणीतरी लिहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लिनक्स प्रणालींत ही मनाई नसते. तेथें चालू दप्तराची फाइल खुशाल हलवितां येते; पण जो कार्यक्रम तींत लिहीत होता तो त्याच फाइलींत लिहीत राहतो, मग तिचें नांव कांहींही झालेलें असो. दुसऱ्या कार्यक्रमानें जुन्या नांवानें नवी फाइल उघडली तर एकाच सोसायटीच्या दोन खतावण्या सुरू होतात, आणि ही चूक अनेक दिवस कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विंडोजचें कुलूप त्रासदायक वाटतें खरें, परंतु तें नसणें हें अधिक धोक्याचें आहे.

येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. सचिवानें हिशेबाची खिडकी पडद्यावरून बंद केली म्हणजे दप्तर मिटलें, असें होत नाहीं. एस्‌क्यूएल सर्व्हर हा पडद्यामागें बसलेला कारकून आहे असें समजावें. संगणक सुरू होतांच तो आपल्या जागीं बसतो, खतावणी व कीर्द दोन्ही उघडून हातीं धरतो, आणि संगणक बंद होईपर्यंत त्या सोडीत नाहीं. सचिवाची खिडकी ही केवळ त्या कारकुनाशीं बोलण्याची जागा आहे. खिडकी मिटली तरी कारकून वही घेऊन बसलेलाच असतो. म्हणून फाइल हलत नाहीं.

कुलूप कोणाच्या हातीं आहे

कुलूप मोडण्यापूर्वीं किल्ली कोणाकडे आहे हें पाहणें शहाणपणाचें. चौकशीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

पहिला संशय स्वतः सर्व्हरवर घ्यावा. विंडोजमध्यें चालू सेवांची यादी पाहतां येते. तींत ही सेवा चालू दिसली तर फाइल तिच्याच हातीं आहे असें धरून चालावें.

दुसरा संशय शेजारच्या संगणकांवर. सोसायटींत खताच्या गोदामांत अथवा स्वस्त धान्याच्या खिडकीवर दुसरा संगणक असेल व तो याच दप्तराला जोडलेला असेल, तर तेथील माणूस जेवावयास जातांना कार्यक्रम उघडा ठेवून गेलेला असतो. सभासदांस संदेश पाठविणारा एखादा कार्यक्रमही दप्तर धरून ठेवतो. सर्व्हरला विचारलें असतां सध्यां कोण कोण जोडलेले आहेत याची यादी तो देतो. ती यादी वाचून ज्याच्या त्याच्याकडे जाऊन काम संपवावयास सांगावें.

तिसरा संशय स्वतः तंत्रज्ञावर. हें ऐकून हसूं येईल, पण अनुभव असा आहे कीं ज्या खिडकींतून तो दप्तराचें नांव बदलूं पाहतो, त्याच खिडकीशेजारीं त्यानें दुसरी खिडकी उघडून तेंच दप्तर वापरावयास घेतलेलें असतें. घरांत बसून दार बाहेरून कां लागत नाहीं म्हणून विचारण्यासारखेंच हें आहे.

चौथा संशय पाठीमागें गुपचुप चालणाऱ्या कामांवर. विषाणुरोधक कार्यक्रम फायली तपासतांना त्या क्षणभर धरतो. रात्रीं ठरल्या वेळीं राखीव प्रत काढणारा कार्यक्रम कांहीं काळ धरतो. आणि दप्तर जर चुकून अशा फोल्डरांत ठेवलें असेल कीं ज्याची प्रत इंटरनेटवर आपोआप चढत असते, तर तो कार्यक्रमही फाइल वारंवार धरीत राहतो. चालू दप्तर अशा फोल्डरांत केव्हांही ठेवूं नये; राखीव प्रत ठेवावयास हरकत नाहीं.

विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर या साधनांत फाइलीचें नांव घालून शोधलें असतां ती कोणत्या कार्यक्रमानें धरली आहे हें बहुधा कळतें. सर्व कार्यक्रम एकेक करून बंद करीत बसण्यापेक्षां हा मार्ग सोपा आहे.

पांचवी गोष्ट अशी कीं जें कुलूप वाटतें तें पुष्कळदां कुलूपच नसतें. पडद्यावर फाइल वापरांत आहे असें न येतां प्रवेश नाकारला असें आलें, तर ती परवानगीची बाब आहे. नव्या फोल्डरांत दप्तर ठेवलें, पण ज्या नांवानें सर्व्हर काम करतो त्या नांवास त्या फोल्डरांत शिरण्याचा हक्क दिला नाहीं, म्हणजे दप्तर जागेवर असूनही उघडत नाहीं. येथें कितीही कार्यक्रम बंद केले तरी उपयोग नाहीं. हक्क दिला कीं काम झालें. यास्तव पडद्यावरील वाक्य नीट वाचून, शक्य तर उतरून घेऊन, मगच उपायास लागावें.

सोबतच्या लहान फायली : चिठ्ठी कोणती, कीर्द कोणती

दप्तराच्या मुख्य फाइलीशेजारीं लहान फायली दिसतात. त्या पुसल्या कीं कुलूप निघतें, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला एका प्रकारच्या फाइलीस लागू पडतो व दुसऱ्या प्रकारच्या फाइलीस लावला तर सर्वनाश करतो. हा भेद या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

पहिला प्रकार चिठ्ठीचा. अ‍ॅक्सेस नांवाच्या प्रणालींत दप्तर उघडलें कीं त्याच नांवाची, पण एल्‌डीबी अथवा एल्‌एसीसीडीबी अशा शेवटाची, एक लहान फाइल तयार होते. दप्तर कोणत्या संगणकावरून व कोणत्या नांवानें उघडलें आहे एवढेंच तींत असतें. देवळाबाहेर ठेवलेल्या वहाणांवरून आंत कोण आहे हें कळावें, तसाच हा प्रकार. शेवटचा माणूस बाहेर पडला कीं ही फाइल आपोआप नाहींशी होते. मध्येंच वीज गेली तर ती मागें राहते. सर्व संगणकांवर दप्तर बंद आहे अशी खात्री करून घेऊन ती पुसली तर हिशेबास धक्का लागत नाहीं.

दुसरा प्रकार कीर्दीचा. एस्‌क्यूएल सर्व्हरची एल्‌डीएफ् फाइल या प्रकारांत मोडते. भ्रमणध्वनींतील पुष्कळ ॲप व कांहीं लहान हिशेब-प्रणाली एस्‌क्यूलाइट नांवाचें दप्तर वापरतात. त्याच्या शेजारीं नांवाच्या शेवटीं जर्नल किंवा डब्ल्यूएएल् अशीं अक्षरें असलेली फाइल दिसते, तीही कीर्दच. अशा फाइलींत खतावणींत न उतरलेले व्यवहार असतात, किंवा अर्धवट व्यवहार मागें घेण्यासाठीं लागणारी जुनी माहिती असते. वीज गेल्यानंतर ही फाइल मागें राहिलेली दिसली तर ती कचरा नसून औषध आहे. ती पुसूं नये, तिचें नांव बदलूं नये, मुख्य फाइलीपासून ती वेगळी करूं नये. दप्तर त्याच्या नेहमींच्या कार्यक्रमानें एकदां उघडावें, म्हणजे तो कार्यक्रम ती कीर्द वाचून दप्तर नीट करून घेतो.

फॉक्सप्रोच्या जुन्या दप्तरांत कीर्द अशी नसते; परंतु तेथेंही डीबीएफ् फाइलीसोबत सूचीची सीडीएक्स् व लांब मजकुराची एफ्‌पीटी अशा फायली असतात. नांव बदलतांना एकीचें बदललें व इतरांचें नाहीं, तर दप्तर उघडत नाहीं. तेव्हां अशा सर्व फायली एकत्र, संबंध फोल्डरासह हलवाव्या.

कोणती फाइल चिठ्ठी व कोणती कीर्द हें निश्चित ठाऊक नसेल, तर एकही फाइल पुसूं नये, हा नियम सर्वांत सुरक्षित.

दप्तर हलविण्याची रीत

दप्तर हलविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत राखीव प्रत काढून ती नव्या जागीं उतरविण्याची, ज्यास बॅकअप व रिस्टोअर म्हणतात. दुसरी रीत मूळ फायलीच सोडवून घेऊन नेण्याची. साधेल तेथें पहिलीच रीत पत्करावी. कारण राखीव प्रत काढण्यासाठीं कुलूप उघडावें लागत नाहीं. सर्व्हर स्वतःच खतावणी व कीर्द यांचा मेळ घालून एकसंध प्रत काढून देतो. शिवाय मूळ दप्तर जागच्या जागीं राहतें, व नव्या ठिकाणीं कांहीं चुकलें तर परत फिरतां येतें. चालू दप्तराची फाइल साध्या नकलेनें उचलणें हें मात्र वर्ज्य समजावें. प्रणालीनें तशी नक्कल होऊं दिली तरी तिचा अर्धा भाग आधींच्या क्षणाचा व अर्धा नंतरच्या क्षणाचा असूं शकतो.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. दिवस निवडावा. पीककर्जाच्या वाटपाचा व मार्चअखेरच्या वसुलीचा काळ टाळावा. ज्या दिवशीं सोसायटींत वर्दळ नसते असा दिवस, व वीज असण्याची खात्री असलेली वेळ घ्यावी. संगणकास वीज गेल्यावर कांहीं वेळ चालविणारी बॅटरी जोडलेली असावी.

२. नोंदी थांबवाव्या. शेवटच्या पावतीचा क्रमांक कागदावर लिहून त्यावर सचिवानें सही करावी. राखीव प्रत काढल्यानंतर जुन्या दप्तरांत एकही पावती फाडूं नये. कारण ती नव्यांत येणार नाहीं. त्या काळांत कोणी भरणा घेऊन आला तर हातपावती द्यावी व ती मागाहून नव्या दप्तरांत चढवावी.

३. राखीव प्रत काढावी, व ती त्या संगणकाबाहेरील दोन ठिकाणीं ठेवावी. एक सोसायटीच्या कपाटांत व दुसरी अन्यत्र.

४. नव्या संगणकावर ती प्रत उतरवून पडताळा पाहावा. पडताळ्याची रीत पुढें दिली आहे.

५. मूळ फायलीच हलविणें अपरिहार्य असेल, तर आधीं वरीलप्रमाणें राखीव प्रत काढावी. मग सर्व कार्यक्रम बंद करवून दप्तर सर्व्हरकडून रीतसर सोडवून घ्यावें, किंवा विश्रांतीच्या स्थितींत न्यावें. रीतसर सोडवितांना सर्व्हर कीर्दींतील व्यवहार खतावणींत उतरवून वही मिटवून देतो. त्यानंतर खतावणी व कीर्द दोन्ही फायली एकत्र नव्या जागीं न्याव्या, फोल्डराचा हक्क द्यावा, आणि दप्तर पुन्हां जोडावें.

६. कांहीं केल्या कुलूप निघत नसेल तर संगणक नेहमींच्या रीतीनें बंद करून पुन्हां सुरू करावा. बटण दाबून धरून अथवा वायर उपटून तो बंद करूं नये. असें कधीं झालेंच, तर पुन्हां सुरू झाल्यावर प्रणालीची दुरुस्ती चालू असल्याचें दिसेल. ती पुरी होईपर्यंत दप्तरास हात लावूं नये. मोठें दप्तर असल्यास या दुरुस्तीस वेळ लागतो. वेळ लागला म्हणून पुन्हां वीज तोडणें म्हणजे ओल्या भिंतीवर दुसऱ्यांदा पाणी सोडणें होय.

नांव बदलण्याविषयीं

नांव बदलणें हें हलविण्याहून सोपें वाटतें, परंतु त्यांतही कुलूप आडवें येतें. एस्‌क्यूएल सर्व्हरमध्यें दप्तराचें नांव बदलावयाचें असतां त्या क्षणीं तें दुसऱ्या कोणाच्याही हातीं असतां कामा नये. असेल तर सर्व्हर ५०३० क्रमांकाची चूक दाखवितो. दप्तर एकट्याच्या ताब्यांत घेतां आलें नाहीं, असा तिचा अर्थ. सर्वांस बाहेर पडण्यास सांगणें हा पहिला उपाय. कोणी जोडलेला राहून गेला असेल तर दप्तर एकाच माणसाच्या वापराचें करून बाकीच्यांस बाहेर काढण्याची आज्ञा सर्व्हरला देतां येते. मात्र तशी आज्ञा दिली कीं त्या क्षणीं अर्ध्यावर असलेले व्यवहार रद्द होतात, हें लक्षांत ठेवावें. कोणी पावती लिहीत असेल तर ती नोंद जाईल. म्हणून ही आज्ञा वर सांगितल्याप्रमाणें नोंदी थांबविल्यावरच द्यावी, आणि काम होतांच दप्तर पुन्हां सर्वांच्या वापरास खुलें करावें.

नांव बदलल्यावर दोन गोष्टी अनेकांस बुचकळ्यांत पाडतात. पहिली ही कीं दप्तराचें नांव बदललें तरी डिस्कवरील फायलींचीं नांवें जुनींच राहतात. दप्तराचें नांव व फाइलीचें नांव हीं भिन्न आहेत. फाइलीचें जुनें नांव पाहून ती जुन्या वर्षाची समजून पुसून टाकूं नये. दुसरी ही कीं हिशेबाचे कार्यक्रम दप्तरास त्याच्या नांवानें हाक मारतात. नांव बदललें व कार्यक्रमांतील पत्ता बदलला नाहीं, तर प्रत्येक संगणकावर दप्तर सांपडत नाहीं असें येतें, आणि लोकांस वाटतें कीं दप्तर गेलें. दप्तर गेलेलें नसतें. हाक चुकीच्या नांवानें चाललेली असते.

नांवाचा हा घोटाळा आपल्या भागास नवा नाहीं. आजचें अंबाजोगाई हें निजामी अमलांतील कागदांत मोमिनाबाद या नांवानें येतें. ज्यास हें ठाऊक नाहीं तो आजोबांच्या नांवचा कागद हातीं असूनही शोधीत बसेल. आपले शेजारचे जिल्हे २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर व धाराशिव या नांवांनीं ओळखले जातात. अशा प्रसंगीं नोंद हरवूं नये म्हणून नांवासोबत न बदलणारा संकेतांक ठेवणें हा उत्तम उपाय आहे. २०२० सालीं ठरलेल्या सातबाराच्या नव्या नमुन्यांत गांवाच्या नांवाशेजारीं त्याचा संकेतांक छापला जातो, तो याच दृष्टीनें. सोसायटीनेंही सभासदास त्याच्या नांवावरून न ओळखतां सभासद क्रमांकावरून ओळखावें, व दप्तर नव्यांत नेतांना हे क्रमांक बदलूं देऊं नयेत.

पडताळा

दप्तर नव्या जागीं उघडलें म्हणजे काम संपलें, असें मानणें ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अपुरें दप्तरही उघडतें. म्हणून हलविण्यापूर्वीं जुन्या दप्तरावरून तेरीज छापून घ्यावी, व हलविल्यावर नव्यावरून दुसरी छापून दोन्ही समोरासमोर ठेवाव्या. एकूण सभासद किती, एकूण येणें कर्ज किती, व्याज किती, भागभांडवल किती, रोख व बँकेंतील शिल्लक किती, हे आंकडे पैशापर्यंत जुळले पाहिजेत. त्यानंतर शेवटच्या दहा-वीस पावत्या एकेक करून नव्या दप्तरांत पाहाव्या; कारण कांहीं हरवलें असेल तर तें बहुधा शेवटचेंच हरवतें. अखेरीस निरनिराळ्या गल्ल्यांतील पांच-सहा सभासदांस बोलावून त्यांच्या हातच्या पावत्यांशीं खातें ताडून पाहावें.

आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दप्तर हलविण्याचें काम त्यांच्या गैरहजेरींत झालें असेल, तर ते परतल्यावर त्यांस खात्याचा उतारा देऊन खात्री करून घेण्याची संधि दिली पाहिजे. तोंवर जुनें दप्तर पुसूं नये. निदान एक हिशेब-तपासणी नव्या दप्तरावर पार पडेपर्यंत जुन्याची राखीव प्रत जपून ठेवावी.

संचालकांचें व सभासदांचें कर्तव्य

संचालकांनीं संगणक चालविण्यास शिकलेंच पाहिजे असें नाहीं; पण त्यांनीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत. दप्तराच्या फायली कोणत्या व कोठें आहेत? शेवटची राखीव प्रत केव्हां काढली, व ती उतरवून पाहिली आहे काय? आणि दप्तर उघडण्याचा परवलीचा शब्द सोसायटीपाशीं आहे, कीं केवळ बाहेरच्या तंत्रज्ञापाशीं? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नसेल, तर तें कुलूप संगणकाच्या कुलुपाहून अवघड समजावें. परवलीचा शब्द बंद लखोट्यांत घालून सोसायटीच्या तिजोरींत ठेवावा. दप्तर हलविण्याचा ठराव सभावृत्तांतांत लिहावा, व पडताळ्याच्या दोन्ही तेरजा त्यास जोडाव्या. सभासदांनीं आपली प्रत्येक पावती व वर्षाकाठीं खात्याचा एक छापील उतारा घरीं ठेवावा. कागद जुना झाला म्हणून त्याचें मोल जात नाहीं.

याची साक्ष मराठवाड्यास नुकतीच मिळाली आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता; पुढें १९५६ मध्यें तो द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. प्रत्येक वेळीं दप्तर एका हातांतून दुसऱ्या हातांत, एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत गेलें. सप्टेंबर २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, तेव्हां तेच उर्दू व मोडी कागद पुन्हां उघडावे लागले, आणि ज्या घराण्याचा कागद टिकला त्यास तो उपयोगी पडला. कोण्या अज्ञात कारकुनानें तो रुमाल नीट बांधून पुढच्याच्या स्वाधीन केला होता, म्हणून तो सांपडला. आपल्या सोसायटीचें दप्तरही आपल्या नातवांच्या उपयोगाचें आहे. तें हलवितांना कुलूप आडवें आलें, तर तें मोडण्यापूर्वीं आंत कोण लिहीत आहे एवढें पाहावें, त्याचें लिहिणें पुरें होऊं द्यावें, आणि कीर्दीसकट रुमाल बांधून मगच पाऊल उचलावें.